भरलेला पेला टाकून कसा जाऊ

ओताकार ब्राबेनेत्ससारखा ऐतोबा ब्रनो शहराच्या अख्ख्या हुसोवित्स भागात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. मी इथल्या बियरच्या गुत्त्यातला वाढपी, रोमान. बियर भरतो, आणून ठेवतो आणि लोकांच्या बाता ऐकतो. ओता लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणे. म्हाताऱ्या बाया चौथ्या मजल्यावर अडकून घंटा बडवायच्या आणि हा पठ्ठ्या माझ्या खिडकीजवळच्या राखीव टेबलावर बसून सरकार कसं चालवावं ते सांगायचा. आता निवृत्त झालाय. कशातून, ते विचारू नका.

आमच्याकडे पेला तळाला आला की मी न विचारता दुसरा आणतो. नको असेल तर पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवायची, झालं. शेंबडं पोरही ठेवील. ओताला तेवढं जमत नाही. घरी उशीर झाला की बायकोला सांगणार, "मी काय करू, रोमान आणतच होता." नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण कोण, तर मी.

त्याची एकुलती एक मुलगी हेदविका. नवरा आणि छोट्या मातौशला घेऊन ती न्यूझीलंडला निघाली होती, कायमची. शनिवारी दुपारी बस होती, व्हिएन्नाच्या विमानतळावर जाणारी. निघण्याआधी सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं, एवढंच पोरीचं मागणं. आईने बदक भाजलं होतं. आणि हे महाशय सकाळीच माझ्याकडे हजर.

"एकच," म्हणाला. "घरात बॅगांमुळे पाय ठेवायला जागा नाही."

एकाचे किती झाले ते सोडा. जेवणाची वेळ टळली तशी त्याची बायको लीदा आली. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता.

"ओता, बदक गार झालं. पोरगी ताटावर नुसती बसून आहे. ऊठ."

"हा आत्ताच आलाय गं. भरलेला पेला टाकून कसा जाऊ? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? हे?" तिने टेबलावरच्या बाकीच्या तिघांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. "रोमान, तू तरी आणू नकोस याला."

"त्याने चकती ठेवली की थांबतो," मी म्हणालो. ओता खिदळला. चकतीला हात लावला नाही. लीदा तशीच परत गेली.

शेवटी हेदविका स्वतः आली. लहानपणी ती काचेचा जग घेऊन बापाची बियर न्यायला यायची, त्यामुळे आमचं दार कुठे अडतं ते तिला पाठ. बाहेर टॅक्सी उभी होती.

"बाबा, चल ना. बसपर्यंत तरी. मातौश गाडीत आजोबा आजोबा करतोय."

"तुम्ही व्हा पुढे. हा संपवतो आणि ट्रामने येतो."

"ट्रामने नाही पोचणार तू."

"अगं, ब्रनोतली ट्राम मला सांगतेस?"

ती उभीच राहिली. मला वाटलं, आता हिने याची खरडपट्टी काढावी. फार वाटलं. पण ती माझ्याकडे आली आणि पैसे ठेवून म्हणाली, "रोमानकाका, बाबाला माझ्याकडून एक द्या. नीट भरा." मग बापाच्या टकलावर ओठ टेकवले आणि निघून गेली.

सगळं पिंप त्याच्या डोक्यावर ओतावं असं मला वाटलं. पण पोरीने सांगितलं होतं, म्हणून नीट भरला, नेऊन ठेवला.

"बघितलंत?" ओता टेबलाला म्हणाला. "पोरगी असावी तर अशी. बापाचं मन जाणते." त्याने पेला उचलला. "हेदविकाच्या प्रवासाला."

आमच्याकडे पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, नाहीतर भिडवूच नये. तिघांनी पेले भिडवले. एकानेही मान वर केली नाही. ओताला त्याचा पत्ता नव्हता. तो मला सांगत होता, आज फेस फार सुरेख जमलाय.