गुरांची वाट

सासूबाई डोंगरात हरवल्या, तेव्हा जो तो मलाच विचारत होता, "तू त्यांना एकटीला जाऊच कसं दिलंस?" साताऱ्याहून नणंदेने विचारलं, इथल्या, जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मराठी ग्रुपवरच्या बायकांनी विचारलं, आणि नवऱ्यानेही विचारलं. तो त्या सकाळी माझ्याशेजारीच लॅपटॉप उघडून बसला होता आणि दारातून बाहेर पडणाऱ्या आईला त्याने हातही केला होता. त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही.

मी सगळ्यांना एकच सांगितलं. जाऊ दिलं म्हणजे काय? सहासष्ट वर्षांची बाई, उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेला, नवरा गेल्यावर दोन मुलं एकटीने शिकवलेली. ती दाराशी उभं राहून माझी परवानगी मागणार होती का? आणि मागितली असती तरी मी दिलीच असती.

आईंना डोंगराचं वेड निवृत्तीनंतर लागलं. साताऱ्यात अजिंक्यतारा रोजचाच. मग आजूबाजूचे किल्ले झाले, मग नाशिककडचे. नातेवाईक नाकं मुरडायचे. गुडघे सांभाळायच्या वयात हे काय, म्हणायचे. आई त्यांना चहा पाजायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघून जायच्या. आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा सामानात लोणची-मसाल्याच्या आधी त्यांनी बूट भरले होते.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या एका खोऱ्यात आठवडाभरासाठी फेरीएनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर, घेतलं होतं. सुट्टी असूनही एका दिवशी आम्हा दोघांच्याही मीटिंगा टळल्या नाहीत. आई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी परवाच्या खिंडीपर्यंत जाऊन येते." त्या खिंडीपर्यंत आम्ही सगळे नुकतेच जाऊन आलो होतो. वाट आखलेली होती, दगडादगडावर लाल-पांढरे पट्टे होते. त्यांनी राजगिऱ्याचे लाडू घेतले, पाणी घेतलं आणि निघाल्या. दुपारी धुकं असं उतरलं की समोरचं चर्च दिसेना. संध्याकाळ झाली, आई आल्या नाहीत. फोन बंद. आम्ही मदतीचा नंबर लावला. ती रात्र मी इथे लिहिणार नाही.

उजाडताना गावच्या बचाव पथकाने खिंडीकडची बाजू पालथी घालायला घेतली होती. हे सगळे बिनपगारी लोक. प्रमुख एरवी सुतारकाम करणारा, एकजण दाताचा डॉक्टर, एक शाळेतली बाई. कामधंदा बाजूला टाकून अनोळखी बाईला शोधायला निघालेली माणसं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं. पथकाच्या कुत्र्याने खिंडीपर्यंत माग काढला आणि पुढे दगडधोंड्यांत तो हरवला.

तोवर आपली मंडळीही येऊन पोचली. इंगोलश्टाटहून कारखान्यातले इंजिनियर, म्युनिकहून आयटीवाले, कुणी रजा टाकून, कुणी आजारी असल्याचं कळवून. पोह्यांचे डबे आले, थर्मास आले, किमतीचं लेबल काढायचं राहिलेली कोरी जॅकेटं आली. मला त्या डब्यांनी रडू आलं. प्रमुखाने सगळ्यांना खालच्या जंगलातले रस्ते वाटून दिले. वर चढायचं नाही, निसरडं आहे, म्हणाला. आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, इथे सिस्टीम असते. आपण मध्ये बोलायचं नाही." मी म्हटलं, "सिस्टीमच्या सासूबाई हरवलेल्या नाहीत, माझ्या हरवल्यात." ते पुढे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दिवशी काहीच सापडलं नाही. दुसऱ्या सकाळी नणंदेचा फोन आला. रडत म्हणाली, "फार हौशी होती गं आई." होती! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन बंद केला आणि बचाव पथक जमायचं त्या अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सरळ गेले. तिथे टेबलावर नकाशा पसरलेला होता.

"आल्झो, तर मग," प्रमुखाने बोट ठेवलं. खिंडीच्या डाव्या अंगाला ओढ्याची खोल घळ होती. "थकलेला, घाबरलेला माणूस उताराला लागतो. पाण्याचा आवाज येतो तिकडे जातो. त्या इथेच असणार. आज सगळी माणसं इथे."

नवरा मान हलवत होता. चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला आई खाली पडलेली दिसत होती.

"त्या घळीत उतरणार नाहीत," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात."

"सह्याद्रीत फिरलेलं माणूस अनोळखी घळीत उतरत नाही. खाली कडा निघतो. आमच्याकडे पहिल्यांदा हेच शिकवतात." मी नकाशावर खिंडीची उजवी बाजू बघत होते. तिथे बारीक घराची खूण होती. "हे काय आहे?"

"आल्म. उन्हाळी कुरण आहे. गवळ्याची झोपडी आणि गोठा."

"तिथे बघितलं?"

"तिथे कुणी नाही. गुरं केव्हाच खाली गावात आणली. झोपडीला कुलूप आहे, मालकाला फोन करून विचारलं. आणि आखलेली वाट तिकडे जात नाही."

आणि मला एकदम सगळं दिसलं. आम्ही सगळे खिंडीत बसलो होतो तेव्हा उजवीकडे जाणारी रुंद, तुडवलेली पायवाट आईंनीच दाखवली होती. खुरांचे ठसे, वाळलेलं शेण. खूश होऊन म्हणाल्या होत्या, "बघ, इथेही ढोरवाट आहे. शेणामागून गेलं की कुणीतरी चहा देतंच." आमच्याकडे ते खरंच आहे. वाट चुकली की लोक गुरांची वाट धरतात, कारण गुरं कड्यावरून उतरत नाहीत आणि संध्याकाळी हमखास घरी जातात. वाटेच्या टोकाला वाडी असतेच. पण इथली गुरं उन्हाळाभर वरच राहतात आणि थंडी सुरू झाली की सगळीच्या सगळी खाली नेतात. त्या वाटेच्या टोकाला वाडी नसते, कुलूप असतं. हे आईंना कोण सांगणार होतं? धुक्यात पट्टे दिसेनासे झाल्यावर त्या पायाखालचं शेण बघूनच निघाल्या असणार. शहाण्या बाईने नेमकं जे करायला हवं तेच करून त्या चुकल्या असणार.

मी हे जमेल तसं जर्मनमध्ये सांगितलं. व्याकरणाचं खोबरं झालं असेल. प्रमुखाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाला, "शक्य आहे. पण माझ्याकडे माणसं मोजकी आहेत. घळीत कुणी जखमी असेल तर तिथला प्रत्येक तास मोलाचा. घळ संपली की दुपारनंतर तिकडे."

"तिकडे जायला बंदी आहे का?"

"बंदी नाही. पण तुम्ही जावं असं मला वाटत नाही."

"मी परवानगी मागत नाहीये," मी म्हटलं. "सांगून जातेय."

नवरा बाहेर मागे आला. "हट्ट करू नकोस. ही माणसं रोज हेच करतात. एका शेणाच्या गोष्टीवरून तू..." मी त्याला म्हटलं, "तू घळीत जा. तुझं बरोबर निघालं तर तू तिथे असायला हवास. माझं बरोबर निघालं तर मी." आमच्या संसारात इतकं कडू वाक्य मी आधी बोलले नव्हते. तो गेला.

मी बुटांच्या नाड्या आवळत होते तेवढ्यात दाताचा डॉक्टर वॉकी-टॉकी घेऊन समोर उभा राहिला. प्रमुखाने पाठवलं म्हणाला. खरं तर मला थांबवायला पाठवलंय की सोबतीला, हे मी विचारलंच नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

खिंडीत पोचेपर्यंत माझा श्वास फुलला होता. धुकं तसंच होतं. उजवीकडची वाट मात्र चांगली रुंद होती, पाय आपोआप तिकडेच वळावेत अशी. आम्ही चालत राहिलो. डॉक्टर मध्ये मध्ये थांबून ऐकायचा. एका ओलसर जागी तो खाली बसला. चिखलात खुरांचे खोल ठसे होते आणि त्यातल्या एका ठशावर बुटाची अर्धी टाच उमटली होती. छोटी, बाईच्या बुटाची.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो स्वतःशीच पुटपुटला आणि वॉकी-टॉकीवर बोलू लागला. मी त्याचं ऐकायला थांबलेच नाही. पळत सुटले. मागून तो ओरडत होता, सावकाश, सावकाश. मला सावकाश जायचं नव्हतं.

आधी पाण्याचा लाकडी हौद दिसला, मग झोपडी. दाराला कुलूप. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, "अहो आईऽऽ!"

काहीच नाही. पुन्हा ओरडले. मग गोठ्यातून आवाज आला, बसलेला, चिरका, पण त्यांचाच.

"अगं इकडे आहे. किती उशीर!"

गवताच्या ढिगात छातीपर्यंत गाडून घेऊन त्या बसल्या होत्या. ओठ निळे, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला आणि ओढणीने अगदी दवाखान्यातल्यासारखा आवळून बांधलेला. मी त्यांच्या अंगावर पडले आणि मोठ्याने रडले. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. हात गारठून गेले होते.

डॉक्टरने त्यांना चांदीच्या कागदासारख्या चादरीत गुंडाळलं, गरम चहा दिला. दोन घोट गेल्यावर त्या सांगू लागल्या. वाट अगदी सरळ होती. झोपडीजवळच पाय मुरगळला. दाराला कुलूप, हाका मारल्या तरी कुणी येईना. म्हटलं, माणसं रानात गेली असतील. "संध्याकाळी गुरं येतील, मागून गुराखी येईल, म्हणून वाट बघत बसले. येईचनात. म्हटलं, उद्या येतील." दुसऱ्या संध्याकाळीही त्या गोठ्याच्या दाराशी सरकत येऊन घंटांचा आवाज येतो का ते ऐकत बसल्या होत्या.

मी हे डॉक्टरला सांगितलं. तो मग म्हणाला, "त्यांना सांगा, गुरं आता वसंत संपल्यावर येतील."

मी सांगितलं. आईंनी गोठ्याच्या दारातून झोपडीच्या कुलपाकडे बघितलं. "मग दार तरी उघडं ठेवायचं," म्हणाल्या. "डोंगरातल्या घराला कुलूप लावतात का कुणी?"

स्ट्रेचर घेऊन प्रमुख स्वतः वर आला. पुढचा दांडा त्यानेच धरला. खाली उतरताना मला म्हणाला, "तुम्ही त्या धुक्यात पळालात. घसरला असतात तर आज दोघींना शोधत बसलो असतो." त्याचं खरं होतं. मी "हो, हो" म्हटलं, त्याचे मनापासून आभार मानले, पण माफी मागितली नाही.

हॉस्पिटलमध्ये नवरा आईच्या कुशीत लहान मुलासारखा रडला आणि डोळे पुसल्याबरोबर त्याचा सूर बदलला. आता बास. तिकीट अलीकडचं करू. साताऱ्याचं घर बंद करून ताईकडे राहायचं. डोंगर तर विसरूनच जायचा. व्हिडिओवर नणंद मान डोलावत होती. दोघं प्रेमानेच बोलत होती, हेच वाईट होतं. आई छताकडे बघत राहिल्या.

तो कॉफी आणायला गेला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "भीती वाटली गं," म्हणाल्या. "फार वाटली. दुसऱ्या रात्री वाटलं, आता संपलं. लेकरांची नावं घेत बसले होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस."

का, ते मला विचारावं लागलं नाही. हे एक वाक्य त्याच्या हाती लागलं असतं, तर त्याने आयुष्यभर आईला त्या वाक्याने खुर्चीला बांधून ठेवलं असतं. आणि वर, तुझ्याच भल्यासाठी, म्हणाला असता. पुरुषाला भीती वाटली आणि तरी तो पुन्हा चढला, तर त्याचं कौतुक होतं. बाईला, त्यातून साठी उलटलेल्या बाईला, भीती वाटली की झालं, तिच्या पायात घरचे बेडी घालायला मोकळे.

कॉरिडॉरमध्ये त्याने मला गाठलंच. आवाज खाली आणून विचारलं, "घाबरली होती का गं ती?"

"आई?" मी म्हटलं. "छे. आम्ही पोचलो तेव्हा घोरत होत्या."

तो त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. तिकिटाचा विषय हळूहळू मागे पडला. आई ठरल्या तारखेलाच गेल्या, आणि ताईकडे नाही, स्वतःच्या घरी.

हे छापलं गेलं की तो वाचेल आणि त्याला कळेल. कळू दे. मी तेव्हा खोटं बोलले आणि उद्या पुन्हा बोलेन.

परवा मी साताऱ्याला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मलाही भीती वाटते, खूप वाटते. बऱ्याच वेळाने त्यांचाच फोन आला. मागे वारा घोंघावत होता आणि त्यांना धाप लागली होती.

"अगं वर होते," आई म्हणाल्या. "बोल."