भोंगा बंद पडला तो बाजाराचा दिवस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, समितीतल्या एकालाही नाही. दुसऱ्यांच्या चुका भर सभेत मोजायला मला कधी कागद लागला नाही — पण माझी स्वतःची ही एक गोष्ट चार वर्षं तोंडातच राहिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

गोष्ट एका मोटारसायकलच्या बॅटरीची आहे. हसू नका.

आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात. गावाला मोठा तलाव आहे, आमच्याच पूर्वजांनी मातीची पाळ घालून बांधलेला. एका ठेकेदाराने रस्त्याच्या कामासाठी त्या पाळीचा मुरूम उचलायला सुरुवात केली आणि आम्ही उठलो, समिती केली. पत्रकं मी लिहायची, भाषणं मी ठोकायची. बाबांची जुनी मोटारसायकल माझ्याकडे होती, वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षं मोठी. तिच्या कॅरिअरवर भोंगा बांधला होता, आणि तो चालायचा तिच्याच बॅटरीवर. बाजारात गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं — चालू ठेवलं तर त्या फटफटीत माझाच आवाज बुडायचा — आणि बोलायचं.

गाडीची काळजी मिस्त्रीकाका घ्यायचे. बाजार चौकात त्यांची गाड्या दुरुस्तीची टपरी होती. पाळीवरच्या धरण्याला ते स्वतः येऊन बसले होते, हे आधीच सांगून ठेवते. भोंगा बांधला त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळं शिकवलं. बंद गाडीवर मीटर साडेबारा व्होल्टच्या वर दिसला पाहिजे. इंजिन ताणलं की चौदाच्या आसपास. पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर गेला, तो बॅटरीतलं पाणी उकळून टाकेल. तेराच्या खाली राहिला तर चार्जिंगच होत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली की गरम पाणी आणि खायचा सोडा, मग कोरडं पुसून व्हॅसलीन.

“आन् अर्धा तास बोललीस का अर्धा तास गाडी पळव,” ते म्हणाले. “तुले बोलाची सवय, तिले धावाची. उभ्या गाडीतून करंट कुठून येईल वं?”

आणि पाणी. पाणी फक्त दुकानातलं, डिस्टिल्ड. “नळाचं नाही, बोअरिंगचं नाही. देवाचं तीर्थ असलं तरी नाही.”

मी हसले होते. हे सगळं मला पाठ होतं — आजही आहे. मग का नाही केलं? वेळ नव्हता म्हणू? वेळ होता. सभा संपली की लोक भोवती जमायचे, वाहवा करायचे, आणि ती सोडून रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास गाडी पळवायला कोणाला जायचंय? बॅटरी दर बाजाराला थोडी आणखी उपाशी राहत गेली.

एका सकाळी पाहिलं तर पाणी खालच्या रेषेच्याही खाली गेलेलं. दोन खणांतल्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या. टपरी तीन मिनिटांवर. पण तिथे गेले असते तर काकांनी विचारलं असतं, “काऊन वं, पळवली नाहीस ना?” ते ऐकायचं नव्हतं. माझ्या पिशवीत एक बाटली असायची, आमच्या तलावाच्या पाण्याची. प्रत्येक सभेत मी ती उंच धरून दाखवायची — हे पाणी बघा, हे तुमचं आहे. तीच बाटली मी बॅटरीत ओतली. पुढच्या बाजाराला पुन्हा. त्याच्या पुढच्याला पुन्हा.

मग तो दिवस आला. मोठा बाजार, शेदोनशे माणसं, पाळीच्या ठरावावर सह्या घ्यायच्या होत्या. मी ठेकेदाराचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि भोंगा घरघरला — आणि मेला. किक मारली, हॉर्न दाबला, काहीच नाही. भाजीच्या ओळीतून कोणीतरी ओरडलं, “बाईचा करंट गेला रे!” अख्खा बाजार हसला. पानठेल्यावरची ठेकेदाराची माणसंही हसली. मी भोंग्याशिवाय बोलायचा प्रयत्न केला. माझा आवाज केवढासा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

समितीतला एकजण हळूच म्हणाला की कालच मिस्त्रीच्या टपरीवर ठेकेदाराच्या मुनीमाची गाडी उभी होती. ‘नाही, असं नसेल’ — एवढे तीन शब्द होते, मी ते बोलले नाही. संध्याकाळी पत्रक लिहिलं. ‘आमचा आवाज कोणी कापला?’ असा मथळा. खाली लिहिलं की बाजार चौकातल्या एका मिस्त्रीचे हात कोणाच्या तेलाने माखले आहेत ते जनतेने ओळखावे. नाव घातलं नाही. बाजार चौकात मिस्त्री एकच होता.

आता तुम्हाला वाटेल — रागाच्या भरात पोरीची चूक झाली. इथवर लिहून थांबले असते तर तुम्ही तेच धरून चालला असता, आणि मीही तुम्हाला तसंच धरू दिलं असतं. पण चूक नव्हती ती. पत्रक लिहायच्या आधी मी बॅटरीची बुचं उघडून पाहिली होती. आत मातकट पाणी, प्लेटांवर थर. लिहिताना ती बाटली टेबलावर समोरच होती, अर्धी रिकामी. मला माहीत होतं. माहीत असताना मी लिहिलं, आणि शब्द चांगला बसला की खूशही होत होते.

तिसऱ्या दिवशी काका घरी आले. हातात मीटर.

“काऊन लिहिलीस वं असं? मी काही केलो नाही. एकदा बॅटरी पाहू दे, मंग लिही काय लिहाचं ते.”

“आता समिती ठरवेल, काका.” त्यांच्याशी बोललेलं माझं हे शेवटचं वाक्य.

पण गाडी अंगणातच उभी होती, आणि तिचं बाजूचं झाकण कधीच पडून गेलेलं. बॅटरीच्या अर्धपारदर्शक डब्यातलं ते मातीच्या रंगाचं पाणी बाहेरूनच दिसत होतं. त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वाकून टर्मिनलवरची बुरशी अंगठ्याने पुसली — सवयीने, दुसरं काय — आणि निघून गेले. ते हे कोणाला बोलले का? बोलले असते तर ऐकलं कोणी असतं? पत्रकाखाली माझं नाव ठळक अक्षरांत होतं.

टपरीच्या दारावर कोणीतरी कोळशाने ‘दलाल’ लिहिलं. गाड्या येईनाशा झाल्या. दिवाळीपर्यंत टपरी उठली. ते आता हायवेवर दुसऱ्याच्या दुकानात ट्रकची टायरं उतरवतात. त्यांचे हात बारीक तारांच्या कामाचे होते.

पाळ वाचली. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सभा संपली की लोक दोघं-तिघं मिळून निघतात आणि मी गाडीकडे एकटी चालत जाते. कोणी जवळ येऊ लागलं की मीच काहीतरी तोडून बोलते. जवळ आलेल्या माणसाला किती दिवस खोटं सांगायचं?

नवी बॅटरी आहे. दर महिन्याला पाणी पाहते, दुकानातलंच टाकते. सोड्याने धुते, व्हॅसलीन लावते. गाडी रोज अर्धा तास पळवते, कुठेच जायचं नसलं तरी. इंजिन ताणून मीटर लावते — चौदा पॉइंट एक. आकडा बरोबर येतो आणि दाखवायला कोणी नसतं. हायवेवरून जाताना मी हॉर्न वाजवत नाही. त्यांना आवाजावरून गाडी कळेल.

त्या पत्रकात नाव नव्हतं. इथे लिहिते. सुखदेव मिस्त्री यांनी त्या गाडीचं काहीही बिघडवलेलं नव्हतं. बॅटरीत तलावाचं पाणी मी ओतलं होतं.