सगळ्या लाइटी बंद केल्या तरी

आधीच सांगते, मी चौकात उतरून टाकलेलं लिंबू चपलेनं उडवून पुढं जाणारी बाई आहे. अंगात येणं, बाहेरचं, करणी – असलं कुणी बोलायला लागलं की मी तिथून उठते. त्यामुळे हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीपण हसलेच असते.

शिरूरला घरूनच माझं थ्रीडी व्ह्यूचं काम चालतं. घराची मापं घ्यायची, कॉम्प्युटरवर तेच घर उभं करायचं आणि दुरुस्तीनंतर ते कसं दिसेल याचं अगदी फोटोसारखं चित्र काढायचं – त्याला रेंडर म्हणतात. लोकांचं काय, घर नंतर, आधी गेटवर दोन सिंह पाहिजेत. टाकते बापडी!

मागच्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, न्हावऱ्याच्या ताईचं घर करायला घेतलं. दाजींना अर्धांगवायूचा झटका आला होता, दौंडच्या दवाखान्यात होते. घरी आल्यावर त्यांना माडी चढता येणार नव्हती. म्हणून खाली जिथं खताची पोती असायची तिथं त्यांची खोली करायची ठरली. रुंद दार, धरायला भिंतीला दांडा आणि पलंगावरून ऊस दिसेल एवढी मोठी खिडकी. ताई दवाखान्यातून फोनवर एकेक सांगायची.

"आन् मंजे, खिडकीशेजारचा कोपरा मोकळा ठेव बरं का. माझी शिलाई मशीन बसंल तिथं. ह्यांच्याकडं बघत बघत दोन ब्लाऊज तरी शिवीन."

"मग मशीन दाखवू का चित्रात?"

"नको गं, जुनाट हाय. तुझ्या चित्राची शोभा जायची."

भर दुपारच्या उन्हाचा व्ह्यू लावला आणि जेवायला बसले. येऊन बघते तर त्या मोकळ्या कोपऱ्यात, जमिनीलगत, पिवळसर उजेड. भिंतीवर गुडघ्याएवढा चढलेला. मी तिथं लाईट टाकलीच नव्हती! रेंडरमध्ये कधीकधी चुकून ठिपके येतात, तसलं काही असेल म्हणून सेटिंग बदलून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. नुसती चिडचिड झाली. शेवटी मॉडेलमधला सूर्य बंद केला, सगळ्या लाइटी बंद केल्या. आता चित्र काळंकुट्टच यायला पाहिजे, दुसरं काही येऊच शकत नाही.

खोली काळी आली. कोपऱ्यात तेवढा उजेड होता.

मोठं करून बघितलं. फरशी मी करडी टाकली होती, पण उजेडाखाली ती पांढरी दिसत होती... भुरभुरीत, पीठ पसरल्यासारखी. आमच्याकडं माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, दहावा होईपर्यंत विझू देत नाहीत. हे कुणाला सांगणार? याच धंद्यातल्या पुण्याच्या एका मित्राला फाईल पाठवली, त्याच्याकडं कोपरा साफ आला. "कॉम्प्युटर फॉरमॅट मार," म्हणाला. मारला. उजेड काही हलला नाही.

मग मी एडिट करून तो कोपरा पुसला आणि चित्र ताईला पाठवलं. तिनं लगेच दाजींना दाखवलं.

"लय वेळ बघत बसले गं," ताई हरखून सांगत होती, "म्हणले, झ्याक झालीया खोली."

त्यानंतर मी रोज फोन करायचे आणि रोज एकच विचारायचे – दाजी कसे आहेत?

"त्यांचं बरं हाय. आज चार पावलं टाकली. माझ्याच छातीत जळजळतंय मेलं, कँटीनचा चहा पिऊन पिऊन."

"ॲसिडिटी असेल, गोळी घे. दाजींचं बीपी मोजलं का?"

असलं आमचं बोलणं.

दाजी घरी आले. खोली हुबेहूब चित्रासारखी झाली होती. मी जीव मुठीत धरून न्हावऱ्याला जायचे आणि दाजींच्या छातीकडं बघत बसायचे, श्वास चालू आहे ना म्हणून. ते तर दिवसेंदिवस सुधारत गेले. मी पण हळूहळू ते चित्र विसरायला लागले.

एका सकाळी ताईनं दाजींचा चहा पलंगाजवळ ठेवला आणि मशीनवर बसली. हातातलं रीळ खाली पडलं म्हणून वाकली, ती उठलीच नाही. दाजी समोर पलंगावर. आधाराशिवाय उठता येईना, हाक मारावी तर आवाज चढेना. शेजारची माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं. बसल्या जागी हार्ट अटॅक.

माती उरकून माणसं परत आली तोवर बायकांनी मशीन बाजूला सरकवली होती. करड्या फरशीवर पीठ, पिठावर दिवा, भिंतीवर गुडघ्याएवढा उजेड. मी दिव्यासमोर जाऊन बसले. "रडू द्या तिला," कुणीतरी म्हणालं. मी रडत नव्हते, बघत होते. अगं बाई, कोपरा तर ताईचा होता! तिनं स्वतः मागून घेतलेला... आणि मी दाजींची राखण करत बसले.

दहाव्यानंतर शिरूरला येऊन फाईल उघडली. सूर्य बंद, लाइटी बंद. चित्र काळं आलं, पूर्ण काळं. आधी काढून ठेवलेली चित्रं उघडली, तीपण साफ. जो उजेड पुसायला मी जिवाचं रान केलं, तोच आता दिसावा म्हणून कितीदा रेंडर लावते. येत नाही. कशाचंच कारण मला सापडलं नाही, आणि सापडून तरी आता काय करायचंय?

दाजींना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा त्यांच्याजवळ बसले होते, तर आपणहून म्हणाले. जीभ अजून जड आहे त्यांची.

"मंजू... तू धाडलेल्या त्या चित्रात दिवा हुता गं. कोपऱ्यात."

मी तर तो पुसून पाठवला होता.

"मग दाजी, ताईला का नाही बोललात?"

"कशाला भ्या घालायचं तिला? मला वाटलं, माझाच हाय." त्यांनी कोपऱ्याकडं बघितलं. "म्हणलं, बरं झालं. तुझी ताई सुटंल आता... म्हणून गप ऱ्हायलो."