शोभाताईंच्या फोनवरचा ठिपका

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचते. पिंपळाखालची बाई, मागून येणारी पावलं... वाचते आणि पान उलटते. माझं काम वेबसाइट बनवण्याचं. तिथे काही बिघडलं तर कारण असतंच — कुठेतरी एखादा कंस राहिलेला असतो. सापडेपर्यंत जीव खातो, पण भूत नसतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मी अकोल्याची. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. दर रविवारी जुन्या शहरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलांना फुकट कोडिंग शिकवते. क्लबचा नियम एकच : पान बनवलं की ते आपल्या घरातल्या सगळ्यात साध्या फोनवर उघडून दाखवायचं. लॅपटॉपवर सगळंच छान दिसतं हो, पण आपल्याकडे लॅपटॉपवर बघतो कोण?

कोमल नववीत असताना आली, ती आईला घेऊनच. पोरीला एकटं कसं पाठवायचं म्हणून शोभाताई आल्या आणि मग दर रविवारी मागच्या बाकावर बसायलाच लागल्या. घरची पिठाची चक्की, शिक्षण दुसरीपर्यंत. वाचायच्या ते शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. ओळ संपली की शेवटचा शब्द परत एकदा. कागदावर हे ठीक आहे, पण फोनवर बोट फिरवलं की पान सरकतं.

"बाई, हे पान त पयून राह्यलं!" त्या ओरडल्या आणि अख्खा वर्ग हसला. त्याही हसल्या.

मग मी त्यांच्या फोनमध्ये एक सेटिंग चालू करून दिली. स्क्रीनवर जिथे बोट टेकेल तिथे छोटा पांढरा ठिपका दिसतो. आम्हाला तपासणीसाठी लागतं ते. ठिपका बघत बघत त्या शिकल्या — बोट हलकं ठेवायचं, सरळ आडवं न्यायचं. पान पळायचं थांबलं. त्यांना काय आनंद झाला होता...

गेल्या दिवाळीनंतर शोभाताई गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, आणि परत आल्याच नाहीत. मला फार वाईट वाटलं. कोमल काही रविवार आली नाही, आली तेव्हा मागच्या बाकावर, आईच्या जागी बसायला लागली.

तिला दहावीनंतर अमरावतीला डिप्लोमा करायचा होता. हॉस्टेलवर राहून. वडील, पुरुषोत्तमभाऊ, नाही म्हणत होते. माणूस वाईट नाही. मला समजवायला स्वतः आले.

"पोरगी हुशार हाय मॅडम, मले समजते. पन ते अमरावतीले गेली त घरी कोन हाय? दिवसभर चक्कीवर कानात खडखड. संध्याकायी घरी जाऊन मी कोनाशी बोलू?"

भांडायच्या तयारीने बसले होते, चहा करून दिला.

निकाल लागल्यावर एका रविवारी दुपारी आम्ही पालकांना बोलावलं. खोलीत कूलरचा नुसता आवाज, हवा गरमच. प्रत्येकाने आपापलं पान प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचं होतं. कोमलने 'आईच्या मुंगवड्या' असं पान केलं होतं. त्यात एक तक्ता — काय, किती, आणि केव्हा घालायचं. हे पान तिने फक्त लॅपटॉपवरच्या खोट्या फोनमध्ये, म्हणजे फोनच्या आकाराच्या चौकटीत, तपासलं होतं. घरातला सगळ्यात साधा फोन आईचा, आणि तो चालू करायचं तिच्या जिवावर आलं होतं. मला हे माहीत होतं. मी नियमाचं नाव काढलं नाही.

तिची पाळी आली तसे पुरुषोत्तमभाऊ उठले आणि खिशातून तोच फोन काढून माझ्या हातात दिला. "घरात हाच साधा. चार्ज करून आनला."

कोमलचा चेहरा पडला. मी फोनला लॅपटॉपची वायर लावली, पान उघडलं, फोन टेबलावर ठेवला. स्क्रीन भिंतीवर दिसू लागली. कोमल हात मागे बांधून बोलायला लागली.

आणि भिंतीवर पांढरा ठिपका आला.

घोस्ट टच! वायर खराब असली की असं होतं, न लावलेली बोटं फोनला लागतात. मी वायर काढायला वाकले. पण तसा ठिपका वेडावाकडा नाचतो. हा शीर्षकाखालून हळूहळू आडवा चालला होता. ओळ संपली, तो शेवटच्या शब्दाकडे परत आला. मग खालची ओळ. पान जरासुद्धा हललं नाही.

"वायर नोका काढू," पुरुषोत्तमभाऊ मागून म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "वाचून राह्यली ते."

ठिपका तक्त्यात शिरला. डाळ, मिरची, लसूण, मीठ... मिठाच्या ओळीत उजवीकडे कडेपर्यंत गेला आणि अडला. त्या फोनची स्क्रीन अरुंद. तिसरा रकाना बाहेर कापला गेला होता; वाक्य अर्ध्यावरच संपलेलं. ठिपका मागे आला, परत कडेपर्यंत गेला, थांबला. पुढचं सापडत नसलेल्या माणसाचं बोट थांबतं, तसाच.

"आईले दिसून नाही राह्यलं!" कोमल रडतच लॅपटॉपवर धावली. मी तिला काही सांगितलं नाही, सांगायची शुद्धही नव्हती. तिने तक्त्याची रुंदी बदलली, रकाने एकाखाली एक आणले, पान नेटवर चढवलं आणि फोनवर बोटाने खाली ओढून ताजं केलं. तेवढा वेळ भिंतीवर दोन ठिपके होते. तिने बोट उचललं. एक गेला, एक राहिला.

'मीठ — अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटते.' ठिपका आता पूर्ण ओळीखालून गेला. मग पार तळाशी, 'बनवणारी : कोमल' इथपर्यंत. त्या नावाखालून एकदा, दोनदा, परत परत. नंतर दिसेनासा झाला.

मी वायर काढून फोन पुरुषोत्तमभाऊंच्या हातात दिला.

जिन्यात पुरुषोत्तमभाऊ थांबले. "पोरीचं हे नाव तिच्या मायनं चक्कीच्या भिंतीवर लिवलं होतं, कोयशानं. नाव ठेवलं तवा, सगळ्यात पयलं." मग खाली बघत, "अमरावतीचा फारम कवा भरा लागते?"

"आणि घरी?" मी विचारलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "घरी हाय न ते."

नंतर मी ती वायर दुसऱ्या फोनला लावून पाहिली. पुरुषोत्तमभाऊंकडून तोच फोन मागून घेतला आणि तेच पान उघडून दिवसभर बसले. वायर नीट, स्क्रीन नीट. चूक सापडली नाही. कारण माझ्याकडे आजही नाही.

कोमल अमरावतीला आहे. तिचं नवं पान आलं की पुरुषोत्तमभाऊ फोन घेऊन रविवारी वर येतात. ठिपका पुन्हा कधी दिसला नाही. तरी पान उघडून दिल्यावर मी हात मागे घेते आणि जरा थांबते. शोभाताईंना वाचायला वेळ लागतो.