बहिणीच्या खाटेपाशी गप्प बसले तेव्हा

तीन वर्षं मी रोज प्रार्थना करत होते, आणि तीन वर्षं मला वाटत होतं की प्रभू माझ्याशी बोलत नाही. चर्चमध्ये हे कुणाला कळलं नसतं. महिलांच्या सभेत प्रार्थना कोण करणार असं विचारलं, की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. शब्द मला कधी कमी पडले नाहीत. घरी आल्यावर मात्र आत कोरडं वाटायचं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून प्रार्थना म्हणताना कुणीतरी जवळ आहे असं वाटायचं, त्या जवळिकीसाठी जीव तळमळायचा.

कारण मला ठाऊक होतं. आई अमरावतीला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायची. मी अकोल्याला, एका दवाखान्यात नर्स. तीन वर्षांपूर्वी आईला ताप आला, बहिणीनं तिसऱ्या दिवशी तिला भरती केलं, आणि चौथ्या दिवशी आई गेली. कबरस्तानातून परतताना मी चारचौघांत बहिणीला म्हणाले, "दोन दिवस आधी नेलं असतंस, तर आज आई असती." आईचं हृदय वर्षभरापासून थकलेलं होतं. दोन दिवसांनी काही फरक पडला नसता, हे तिथल्या सगळ्यांत मलाच नीट कळत होतं. तरी मी बोलले. त्यानंतर आमचं बोलणं तुटलं. नाताळला मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

गेल्या एप्रिलमध्ये तिच्या नवऱ्याचा फोन आला. तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. मी मिळेल त्या बसनं निघाले. मूर्तिजापूर कधी मागे पडलं ते कळलं नाही. तिचा आवाज आठवून बघत होते, आणि तो मला नीट आठवत नव्हता.

दवाखान्यात सकाळी आणि रात्री तिच्याजवळ तिचा नवरा असे, दुपारी चारपासून मी. पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसले आणि बोलायलाच लागले. माफी मागितली, रडले, आईच्या आठवणी काढल्या, मोठ्यानं प्रार्थना केली. ती कसलासा घोगरा आवाज काढायची आणि मान पलीकडे वळवायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी आणखी बोलायचे, ती आणखी तोंड फिरवायची. मला वाटलं, हिनं मला माफ केलेलं नाही, आणि आता तसं सांगायलाही तिच्याजवळ शब्द नाहीत.

शेजारच्या खाटेवर मोझरीकडचे एक आजोबा होते. त्यांची बायको दिवसभर त्यांच्या पायाशी बसलेली असायची. चौथ्या दिवशी मी प्रार्थना संपवून डोळे पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाई, एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा ना."

"चार दिवसांपासून पाहून राहिली मी. तुमी आल्या का बोलतच राहता. तिले जीव आहे का नाई? जराशा चूप बसा ना तिच्यापाशी."

मी म्हणाले, "मी प्रार्थना करतेय, मावशी."

"करा ना. मी कुठं नाई म्हणते? पण तुमचा देव काई म्हणन, तं त्याले जागा तं ठेवा."

खरं सांगायचं तर मला राग आलाच. पण बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं. मी डोळे मिटले आणि मनात एवढंच म्हणाले, "प्रभू, आता मी काही मागत नाही. ऐकते." सुरुवातीला पंख्याची घरघर ऐकू आली, मग स्ट्रेचरची चाकं, मग माझाच श्वास. मनात वाक्यं तयार होत होती, त्यांना जाऊ दिलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. हळूहळू आतली खळबळ बसली, आणि कितीतरी वर्षांनी ती जवळीक जाणवली. कानात कुणी बोललं नाही. फक्त डोळे उघडून तिच्याकडे बघावंसं वाटलं.

मी बघितलं. माझ्या मागच्या खिडकीतून उतरतं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर पडत होतं. उजवा हात लुळा, डाव्याला सलाईन. डोळ्यांवर हात धरणंही तिला शक्य नव्हतं. चार दुपारी ती माझ्यापासून नाही, उन्हापासून तोंड वळवत होती. इतकी वर्षं रुग्णसेवा केलेली मी, मला ते दिसलं नव्हतं, कारण मी माझ्याच अपराधाकडे बघत होते.

मी उठून पडदा ओढला. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. सलाईनचा हात दोन बोटं सरकवून तिनं माझ्या मनगटाला लावला. "चुकले मी," एवढंच मी म्हणाले. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि बोटं तिथेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मावशींना झालेलं सांगितलं. त्या आजोबांसाठी संत्रं सोलत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या, आणि दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

बहीण आता घरी आहे, काठी घेऊन चालते. चार-सहा शब्द येतात, तेही अडखळत. मी दर शनिवारी अमरावतीला जाते. तिनं पूर्वीसारखं एकदा मनसोक्त बोलावं, माझ्याशी भांडावं, अशी ओढ अजून आहे, आणि ती कधी पुरी होईल की नाही मला माहीत नाही. ते मी प्रभूवर सोपवलं आहे. तिचा आवाज मी त्याच्याकडे रोज मागते. मागून झालं, की लगेच उठत नाही. गप्प बसून राहते.