बांधावरचं लाल फडकं

हे मी अजून कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, फौजेतल्या दोस्तांपुढं नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. सांगतो, झालं.

फौजेतून पेन्शनवर बेळगुंदीला परत आलो तेव्हा माझ्या नेमाचा गावात लई बोलबाला होता. तीनशे यार्डांवरचं टार्गेट रायफलनं फोडणारा गडी — असं लोक म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचो. गावाकडं रायफल कुठली? पीक राखायला परवान्याची बारा बोअर बंदूक, एक नळीची. वडिलांच्या मागं ती माझ्या नावावर झाली. प्रश्न एवढाच होता — तिच्यात काडतूस कुठलं घालायचं? हसू नका. सगळं तिथंच बिघडलं.

शेजारच्या शेतातले आप्पा. बंदूक धरायला मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी बजावलं होतं, "जनावर लांब असलं तर चार नंबर घाल आणि हवेत बार काढ. डुकरं पळत्यात. एलजी चाळीस पावलांच्या आत. लांबनं हाणलास तर एखाददुसरा दाणा लागतोय, जनावर मरत न्हाय, पिसाळतंय." चार नंबर म्हणजे बारीक छर्रे. एलजी म्हणजे वाटाण्याएवढे दाणे.

आमच्याकडं एक रीतही होती. जखमी डुक्कर उसात शिरलं, की ज्यानं जखमी केलं त्यानं त्या बांधावर लाल फडकं बांधायचं आणि घरोघरी सांगायचं. जनावर संपेपर्यंत तिकडं कुणी फिरकत नाही. फडकं बांधणाऱ्याची मात्र गाव चेष्टा करतं — "काय रं, नेम फौजेतच इसरून आलास व्हय?" हे मला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

रताळी काढणीला आली होती. सकाळी, नुकतं उजाडलेलं, डुकरांचा कळप शिरला. आप्पा त्यांच्या टोकाला, मी माझ्या. आप्पांनी जवळून एलजीचा बार काढला, तो चुकला, कळप फुटला. एक मोठा नर माझ्यापासून सव्वाशे पावलांवर, पाठमोरा. माझ्या नळीत एलजी होतं. का घातलं होतं? हातात अजून रायफल असल्यासारखं वाटावं म्हणून — दुसरं काही नाही. मी घोडा ओढला. डुक्कर केकाटलं आणि मागचा पाय ओढत उसात घुसलं.

खिशात रुमाल होता. लाल नव्हता, पण चालला असता. मी बांधापर्यंत गेलो — आणि परत फिरलो.

"लागलं काय रं?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय आप्पा. चार नंबर होतं. हवेत काढला."

दुसऱ्या दिवशी आक्का, आप्पांची बायको, विळा घेऊन वैरणीला निघाल्या. त्याच उसाकडं. मला दिसल्या. हे सांगताना मी अडखळतो — दिसल्या होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मनाशी म्हटलं, डुक्कर एव्हाना लांब गेलं असणार. खरंच तसं वाटत होतं का मला? नाही. वाटत नव्हतं.

डुकरानं मांडी फाडली. आक्का वाचल्या, पण तो पाय पुन्हा नीट वाकला नाही. दुपारी चौघांनी डुक्कर घेरून मारलं. मागच्या पायातून एलजीचे दोन दाणे निघाले. एलजी कुणाचं? आप्पांचं. माझं तर चार नंबर, सगळ्यांना ठाऊक. आप्पांनी ते दाणे तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. मी शेजारीच उभा होतो.

आप्पा आता नाहीत. आक्का अजून पहिल्या काढणीची रताळी माझ्या घरी पाठवतात. मी ती खातो. चवीला चांगली असतात.

पण आठवतं ते वेगळंच. त्या महिन्यातच आप्पा बंदूक कायमची जमा करायला पोलीस ठाण्यात निघाले. आमचा भाग सीमेवरचा, अर्ज कन्नडमध्ये लागतो, त्यांना कन्नड लिहिता येत नव्हतं, म्हणून मला सोबत नेलं. बाकावर बसून मी नाव, गाव, परवान्याचा नंबर भरला. खाली कारणाची ओळ होती.

"काय लिहू, आप्पा?"

"लिही, नेम ऱ्हायला न्हाय. घरच्याच माणसाला भोवला."

मी लिहिलं. सावकाश, खाडाखोड न करता. आप्पांनी न वाचता सही केली, माझ्या खांद्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "तू हाईस म्हणून बरं, बाबा."

मी म्हणालो, "व्हय, आप्पा."