कपडे बदलून काढलेला फोटो

"सर, आबा गेटवर उभे आहेत. आत यायला तयार नाहीत."

वर्षा धावत हे सांगायला आली तेव्हा मी हॉलमध्ये स्टुलावर चढून शेवटची फ्रेम सरळ करत होतो. आमच्या हौशी फोटोग्राफर मंडळाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन दोन तासांवर आलं होतं.

"कोण आबा?"

"केदारखेड्याचे सांडू आबा. आपल्या फ्लेक्सवरचे."

मला आनंदच झाला. ज्याचा फोटो, तो माणूस स्वतः पाहायला येतो, असं आमच्या धंद्यात सहसा होत नाही. लग्नाच्या अल्बमसाठी लोक येतात, पण ते तक्रार घेऊन. मी उतरलो, हात पुसले आणि हसत बाहेर गेलो. माझं हसू गेटपर्यंतच टिकलं.

आबा पांढरंशुभ्र धोतर, नेहरू शर्ट आणि कडक इस्त्रीची टोपी घालून उभे होते. शेजारी त्यांच्या पत्नी गयाकाकू, नव्या लुगड्यात. मागे पिकअपमध्ये घरची सात-आठ माणसं बसलेली, कोणी खाली उतरत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. वर आमचा आठ बाय सहाचा फ्लेक्स. त्यावर हेच आबा गोठ्यात उकिडवे बसलेले, बनियनला खांद्यावर भोक, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, तोंड उघडं आणि तोंडात एकही दात नाही. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, 'मातीतला माणूस'.

"सर," आबा हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी मी तुमच्यासाठी दुसऱ्यांदा आंघोळ केल्ती. मंग मातीतला मानूस कशापायी लिव्हलं?"

आता थोडं मागचं सांगायला हवं, कारण चूक माझी होती.

जालन्यात मस्तगडला माझा स्टुडिओ आहे. अठ्ठावीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढतोय. 'इकडं बघा, मान जरा खाली, नवरदेव हसा' हे मी झोपेतही बडबडतो, असं माझी बायको शबाना सांगते. इतकी वर्षं माणसांना ओळीत उभं केल्यावर मला पोज दिलेल्या फोटोचा वीट आला होता. म्हणून मंडळाने मला रविवारचा क्लास घ्यायला सांगितला तेव्हा मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'पोज बंद'. शिकवायचं ते कॅन्डिड. म्हणजे माणूस आपल्या नादात असताना टिपलेला फोटो.

क्लासला सात जण. सगळे नोकरी-धंदा सांभाळून येणारे. त्यात वर्षा. तिचं मेडिकल दुकान आहे. डॉक्टरांचं कसलंही अक्षर ती वाचते, पण कॅमेऱ्याच्या चक्रीवरचा 'एम' पाहिला की ती अडायची. एम म्हणजे मॅन्युअल. उजेड किती घ्यायचा, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, सगळं आपण ठरवायचं. वर्षा चक्री ऑटोवर ठेवायची आणि मी पाहिलं की दचकायची.

एका रविवारी प्रॅक्टिकलसाठी सगळ्यांना केदारखेड्याला नेलं. सांडू आबा गोठ्यात बैलाशी गप्पा मारत होते. छपराच्या भोकातून उन्हाची तिरीप आबांच्या चेहऱ्यावर आलेली. वर्षाने ऑटोवरच क्लिक केलं. नशीब लागतं तसा फोटो लागला. आवाज ऐकून आबांनी वर पाहिलं.

"फोटो काढून राह्यली का पोरी? थांब मंग. कपडे बदलून येतो."

आणि खरंच पाऊण घंटा लावून आले. आंघोळ, दाढी, धोतर, टोपी. दारात खुर्ची मांडून, हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले. वर्षाने दहा फोटो काढले. मग चहा झाला, आणि आम्ही परत आलो.

पुढच्या क्लासला मी सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावले. गोठ्यातला फोटो पाहून मी टाळी वाजवली. नंतर खुर्चीवरचे आबा आले.

"हा काय पासपोर्टचा आहे? डिलीट."

"सर, आबांनी मुद्दाम दाढी केली होती."

"दहाच्या दहा डिलीट. कार्ड फॉरमॅट कर. म्हणजे सवय लागेल."

फॉरमॅट म्हणजे कार्डावरचं सगळं पुसून टाकणं. तिने माझ्यादेखत पुसलं. गोठ्यातला तेवढा मी आधी माझ्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवला. रात्री जेवताना मी ही शिस्त शबानाला कौतुकाने सांगितली. ती म्हणाली, "लोगां अच्छे दिखने के वास्ते फोटो निकालते, और तुम उनकी अच्छी सूरत मिटाते बैठे!" मी कानाडोळा केला.

गोठ्यातल्या फोटोला पहिलं बक्षीस जाहीर झालं. वर्षाने आबांना फोन करून सांगितलं, "तुमचा फोटो जालन्यात लागणार आहे." कोणता, हे तिने सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी फोटो एकच होता, कपडे बदलून काढलेला.

तर असे आम्ही गेटवर उभे होतो.

"आबा, हा फोटो खूप चांगला आहे. मोठमोठ्या लोकांनी निवडलाय," मी म्हटलं.

"असंल. पण इवाई येऊन राह्यलेत ना."

मग गयाकाकूंनी सगळं सांगितलं. नातीची सोयरीक टेंभुर्णीला ठरली होती. पंधरा दिवसांपूर्वी सुपारी फुटली. व्याही मोठे खटलेवाले, बोलण्यात वस्ताद. त्यांनी बैठकीत स्वतःच्या ट्रॅक्टरचं, बंगल्याचं, पुतण्याच्या नोकरीचं तासभर कौतुक केलं. आबांकडे सांगायला काही नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलं, "माझा फोटो लागतोय जालन्याला. बघाया या."

"आन् ते निंगालेत," गयाकाकू म्हणाल्या. "तासाभरात येतेत. ह्ये बनियन बघितलं त जल्मभर पोरीला ऐकावं लागंल. बनियन बी ह्ये असं! घरात चार नवे हायेत, पर घालतील तव्हा."

आबांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली. मला त्या क्षणी भयंकर लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं मी माणसांना चांगलं दिसायला मदत केली होती, आणि शहाणपण सुचल्यावर पहिलं काम हे केलं होतं.

"आबा, अर्धा तास द्या," मी म्हटलं. "नवा फोटो लावू."

मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब तोवर बाहेर आले होते. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"शकीलभाई, निमंत्रणाच्या कार्डावर बक्षीस छापलंय. पाहुणे बक्षीस द्यायला येतायत. फोटो बदलला तर बक्षीस दुसऱ्या नंबरवाल्याला जाईल, आधीच सांगतो."

बक्षीस वर्षाचं होतं, माझं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यातलं पहिलं बक्षीस. तिचे सासू-सासरे पाहायला येणार होते.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "फ्लेक्स पण उतरवा."

हॉलच्या वॉचमनने शिडी लावून फ्लेक्स उतरवला. आबांचं तोंड आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून आम्ही तो पिकअपमध्ये टाकला. व्हरांड्यात खुर्ची मांडली. आबा बसले. हात गुडघ्यांवर. गयाकाकूंनी सूचना दिली, "हासू नका. दात न्हाईत."

"सर, तुम्ही काढा," वर्षा म्हणाली.

"तूच काढ. आबांनी दाढी तुझ्यासाठी केली होती."

तिने ऑटोवर पहिला फोटो काढला आणि आबांना दाखवला. आबांनी स्क्रीन डोळ्याजवळ धरली. "टोपी बराबर आली. पर मी कुठंय?"

खरंच, टोपी-धोतर दिसत होतं आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी अंधार. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, तो भोळा असतो. समोर पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं, फार ऊन आहे. मग तो सगळाच फोटो काळवंडून टाकतो. उन्हात रापलेला चेहरा त्यात पहिला जातो. पांढऱ्या कपड्यातल्या सावळ्या माणसाचा फोटो ऑटोवर काढू नये, हे मी आठ रविवार शिकवत होतो.

"एम," मी म्हटलं.

तिने चक्री फिरवली.

"आता आबांच्या तोंडाजवळ जा. फक्त गालाचा उजेड मोज. धोतराकडे बघू नकोस. काय सांगतोय?"

"साठ."

म्हणजे पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा ठेवायचा. तेवढ्यात हात हलला तर फोटो हलतो.

"ठीक. मागे ये. कोपरं बरगड्यांना टेकव. श्वास अर्धा सोड आणि मग दाब."

चेहऱ्याची डावी बाजू अजून अंधारात होती. उजेड परतवायला पांढरं काहीतरी पाहिजे होतं. मी आत गेलो आणि पाहुण्यांच्या टेबलावरचं पांढरं कापड ओढलं. पुष्पगुच्छ खुर्चीवर गेले, पाण्याच्या बाटल्या जमिनीवर. वकीलसाहेब "अहो, अहो" म्हणत मागे आले, तर त्यांच्याच हातात कापडाचं दुसरं टोक दिलं.

"साहेब, ताणून धरा. थोडं वर. हं, असंच."

जिल्ह्यातले नावाजलेले वकील सूट घालून चादर धरल्यासारखे उभे राहिले. आबांच्या गालावर उजेड आला. दाढीचे खुंट नव्हते, सुरकुत्या स्वच्छ होत्या.

"आबा, इकडं बघा," मी म्हटलं. "मान जरा खाली." अठ्ठावीस वर्षांचं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा गोड लागलं.

क्लिक.

वर्षाने स्क्रीन पाहिली आणि कॅमेरा आबांकडे नेला. आबांनी बराच वेळ पाहिलं. मग गयाकाकूंना दाखवलं.

"आता बिलकुल बराबर," काकू म्हणाल्या. "ह्ये आपले दिसतेत."

मी कार्ड खिशात घातलं, स्कूटरला किक मारली, मस्तगडला जाऊन प्रिंट काढली आणि ओलसर शाईला फुंकर मारत परत आलो. फ्रेमच्या मागचे खिळे लावतो न लावतो तोच टेंभुर्णीची जीप गेटात शिरली.

व्याही फोटोसमोर उभे राहिले. हात मागे बांधून त्यांनी वरून खाली, खालून वर पाहिलं. फोटोतले आबा ताठ, शेजारी उभे असलेले आबा त्याहून ताठ.

"ह्ये रंगवलंय का काढलंय?" व्याह्यांनी विचारलं.

"काढलंय," वर्षा म्हणाली. "मी काढलं. मॅन्युअलवर."

व्याह्यांनी खिशातून कंगवा काढला. "मंग माझा बी एक काढा की, ताई. असाच."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, दात नव्हते म्हणून. पण डोळे हसले.

बक्षीस ठरल्याप्रमाणे दुसऱ्या नंबरवाल्याला गेलं. फोटोखाली गोठ्यातल्या फोटोसाठी लावलेली 'सहज क्षण' ही चिठ्ठी बदलायची घाईत राहून गेली. पाहुण्यांनी ती वाचली, ताठ आबांकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुढच्या फोटोकडे वळले. वर्षाच्या सासूबाई मात्र सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या सुनेचं काम बघा, पाहुणे रांग लावून राह्यले." ते खरं होतं. टेंभुर्णीच्या जीपमधले अकराच्या अकरा जण केस विंचरून व्हरांड्यात बसले होते.

नातीच्या लग्नाला आम्ही केदारखेड्याला गेलो, फोटो काढायला नाही, जेवायला. बैठकीत मधोमध तो फोटो टांगलेला. मी समाधानाने गोठ्याकडे वळलो आणि थबकलो. वाऱ्याच्या बाजूला आठ बाय सहाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. बनियन, शेण, बोळकं, सगळं जसंच्या तसं.

"आबा, हा इथं?"

"वारं अडतंय," आबा म्हणाले. "आन् बैल मला त्याच बनियनमधी वळखत्यात. धोतरात गेलो त बुजत्यात."

मी बैलाकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे. फोटो चांगलाच होता, पण कुणासमोर लावायचा हे आबांना आमच्या निवड समितीपेक्षा नीट कळत होतं. क्लासच्या फळ्यावर आता 'पोज बंद' नाही. तिथं लिहिलंय, 'कपडे बदलायला वेळ द्या. डिलीट करण्याआधी विचारा.'

मग पंगतीला बसलो. पहिली जिलबी तोंडात कोंबली आणि समोरून क्लिक ऐकू आलं. वर्षा. तिने स्क्रीन दाखवली. गाल फुगलेला, पाक हनुवटीवरून ओघळतोय, डोळे अर्धे मिटलेले.

"डिलीट कर," मी म्हटलं.

"सर, कॅन्डिड आहे. उजेड पण बरोबर."

"थांब. तोंड पुसून येतो, मग काढ."